चिंध्यांचे पॅड

त्याने मला हात लावला नाही. आमच्याच एका मुलीच्या हातातली हॉकीची काठी घेतली, तिच्या टोकाने माझ्या डाव्या पायाच्या पॅडमधून साडीची एक पट्टी उचकटून बाहेर ओढली आणि सगळ्या मैदानाला दिसेल अशी वर धरली. जांभळी, टेरिकॉटची, काठाची जर काळी पडलेली. मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तशी.

"ही कुणाची लक्तरं गं?" पंच म्हणाला.

त्याने पट्टी आणखी वर केली.

"बोहारणीची पोर ना तू? चिंध्या गोळा करता करता चेंडूही पदरात घातलास होय?"

आयोजकांच्या तंबूतली माणसं हसली. कडेला बसलेल्या शाळेच्या मुली हसल्या. माझ्या संघातल्या दोघी हसल्या. त्यांची नावं मला पाठ आहेत, इथं देत नाही. नांदेडचं मैदान, दुपारी चारचं ऊन, मी पंधरा वर्षांची. गोलच्या तोंडाशी उभी, एका पायाचं पॅड उसवलेलं आणि चेंडू त्या पॅडच्या आत अडकलेला. मग त्याने शिट्टी फुंकली आणि गोलसमोरच्या त्या खुणेकडे हात केला. पेनल्टी स्ट्रोक.

ज्यांनी हॉकी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. स्ट्रोक म्हणजे सात यार्डांवर चेंडू, एक मारणारी, एक अडवणारी म्हणजे गोली, बाकी सगळे लांब. गोली एकटी. त्यापेक्षा हलकी शिक्षा म्हणजे कॉर्नर. त्यात निदान आपल्या चार पोरी गोलात सोबतीला असतात. चेंडू पॅडमध्ये आपोआप अडकला तर स्ट्रोक देता येत नाही. मुद्दाम अडकवला तर देता येतो. सगळा घोळ त्या 'मुद्दाम' शब्दात आहे.

माझं लातुरात स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. चाकूर, उदगीर, थेट नायगावपर्यंतचे दुकानदार माझ्याकडून माल नेतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात. भाव करण्यात मी कुणाला हार जात नाही. फुशारकी म्हणून लिहीत नाही. पुढे जी चूक माझ्याकडून झाली ती कशी झाली हे कळावं म्हणून लिहिते.

भाव करायला मी नीट बोलता येण्याआधी शिकले. माझी माय जुने कपडे घेऊन भांडी द्यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं बोचकं, आणि पदराला मी. आमच्या जातीचं नाव लिहीत नाही. ज्यांना ते शिवीसारखं वापरायचंय त्यांना ते ठाऊक आहेच. दारातली बाई दोन साड्या आणि एक पँट पुढे टाकायची आणि पातेलं मागायची. माय म्हणायची, चमचा देते. बाई म्हणायची, मग राहू दे. माय म्हणायची, बरं, वाटी घ्या. शेवटी तांब्यावर मिटायचं. पहिला बोल कुणाचाच खरा नसतो, बाईचाही नाही आणि मायचाही नाही. दोघींना ते माहीत असतं. पहिल्या बोलाला कुणी रागवत नाही, तिथून फक्त बोलणं सुरू होतं. जगात सगळीकडे असंच चालतं, असं मी धरून चालले होते.

मायची एक रीत मात्र इतर बायकांपेक्षा निराळी होती. इतर बायका गिऱ्हाईक वळावं म्हणून पाटी उचलायचं सोंग करायच्या. दोन पावलं गेल्या की मागून हाक यायची, की परत पाटी खाली. माय सोंग करत नसे. भांडं पातळ आहे म्हणा, काठ वाकडा आहे म्हणा, ती हसून घ्यायची. पण कुणी 'चोरीचं आहे' म्हटलं की ती एक शब्द न बोलता पाटी डोक्यावर घ्यायची. मग मागून दहा साड्या देते म्हणून हाका मारल्या तरी वळायची नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, माय, दहा साड्या होत्या की. ती म्हणाली, "पाटी उचलली की उचलली. आता खाली ठेवली तर त्यांचं म्हननं खरं व्हतंय."

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. आधी आम्ही उस्मानाबादमध्ये मोडत होतो. जिल्हा वेगळा झाल्यावर प्रत्येक खात्याला आपला शिक्का हवा झाला, आपला फलक हवा झाला, आणि खेळाच्या खात्याला आपले संघ. कागदावर मुलींचा हॉकी संघ दाखवायचा होता. आमच्या शाळेच्या गुरव सरांना निरोप आला, पोरी गोळा करा. सर बारकेसे, सायकलवर फिरणारे, कवायत शिकवणारे. त्यांनी गोळा केल्या.

पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी झाला नव्हता. शाळेच्या मागचं तळं आटून त्याचा तळ फरशीसारखा कडक झाला होता. आम्ही त्यात खेळायचो. तळ्यात पाणी असतं तर आम्ही हॉकी शिकलोच नसतो.

गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं. चेंडू लागतो. मी सरांना म्हटलं, "मी उभारते. पर सराव झाल्यावर शाळेच्या टाकीतली एक घागर मला पायजे."

सर म्हणाले, "अर्धी."

"पाऊण."

"लई चाबरी हायस तू," सर म्हणाले आणि पाऊण घागरीवर मी गोली झाले. सहा महिने मी ती पाऊण घागर रोज घरी नेली. गल्लीतल्या बाया टँकरच्या रांगेत भांडत होत्या तेव्हा माझ्या मायच्या चुलीपाशी पाणी होतं. म्हणून मायनं हॉकीला नाही म्हटलं नाही.

शाळेत गोलीच्या पॅडचा एकच जोड होता. आतला कापूस उंदरांनी नेलेला, वेताच्या काड्या मोडलेल्या, नुसती कॅनव्हासची खोळ उरलेली. नवे घ्यायचे म्हटलं तर दुष्काळात कोण देतो. सर ती खोळ घेऊन आमच्या घरी आले. मायनं बोचकं सोडलं. तळाशी पोत्याचं तरट, त्यावर जुन्या कोटाचं कापड, त्यावर एका डॉक्टरच्या घरची जांभळी साडी आठ घड्या करून. दाभणाने शिवलं. वर बांधायला परकराच्या नाड्या. पॅड जड झाले, पण चेंडू लागला की नुसता धप्प आवाज व्हायचा, पायाला काही कळायचं नाही. आणि ती साडी तांब्या देऊन घेतलेली होती. चोरलेली नव्हती.

नांदेडला विभागाच्या स्पर्धा होत्या. अंतिम सामन्यानंतर विभागाचा संघ निवडणार होते. जिंकलेल्या संघातल्या बहुतेक, हरलेल्यातल्या दोन-तीन. संघात आलेल्या मुलींना क्रीडा वसतिगृह मिळणार होतं. दोन वेळचं जेवण, बारावीपर्यंत शाळा, नळाला पाणी. नाहीतर माझं पुढचं ठरलेलं होतं. पाटी आणि लग्न. आधी कोणतं एवढाच प्रश्न. मला ते वसतिगृह पाहिजे होतं. त्याच्याएवढं मी आयुष्यात काही मागितलेलं नाही.

आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. कुणाला वाटलं नव्हतं, खुद्द आम्हालाही नाही. त्याआधीच्या सामन्यात माझ्या गोलात एकही चेंडू गेला नव्हता. समोर यजमान शाळेचा संघ. त्यांच्या गोलीला दुकानातले पांढरेशुभ्र पॅड. पंच दोन. एक बाहेरगावचा तरुण, तो मैदानाच्या दुसऱ्या अंगाला. माझ्या गोलकडचा पंच त्या यजमान शाळेतच शिकवत होता. पांढरे बूट, पांढरी टोपी. त्याच्या वर्गातल्या मुली खेळत होत्या आणि तो शिट्टी फुंकत होता. गुरव सर तंबूत जाऊन म्हणाले, साहेब, हे बरं दिसत न्हाई. तिथे कुणीतरी म्हणालं, "तुम्ही नवीन जिल्हावाले, आधी खेळायला शिका, मग पंच निवडा."

सामन्याआधी पंच सगळ्यांच्या काठ्या, बूट तपासतो. माझ्यापाशी आला.

"हे काय बांधलंय?"

"पॅड हाय, सर."

"कुणी शिवले?"

"मायनं."

"काय करते आई?"

"जुने कपडे घेती. भांडी देती."

"वा," तो म्हणाला. बसला, वाकून पाहिलं, नाडी काठीने हलवून पाहिली आणि म्हणाला, "चालेल." हे लक्षात ठेवा. सामन्याआधी त्याने पॅड पाहिले होते आणि चालेल म्हणाला होता.

एक-एक अशी बरोबरी होती. संपायला थोडाच वेळ. त्यांच्या उंच मुलीने डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या रेषेवरून सणसणीत फटका मारला. मी डावा पाय आडवा टाकला. चेंडू पॅडवर बसला आणि मायनं घातलेली शिवण उसवली. चेंडू खोळ आणि साडीच्या मधे शिरला आणि तिथेच राहिला. मी खाली बघते तर चेंडू दिसेना. क्षणभर मलाच कळलं नाही तो कुठे गेला. त्यांची मुलगी काठी घेऊन माझ्या पायाशी शोधत होती. मग शिट्टी.

मग जे झालं ते मी सुरुवातीला लिहिलं आहे. काठी, पट्टी, हसणं, स्ट्रोक.

आता माझी चूक लिहिते. ही चूक दुसऱ्या कुठल्या घरच्या मुलीने केली नसती. दुसरी रडली असती, ओरडली असती, मी मुद्दाम नाही केलं म्हणाली असती. मला वाटलं, हा पंचाचा पहिला बोल आहे. पातेलं मागितलंय, वाटीवर मिटेल. मी हात जोडले आणि म्हणाले,

"सर, स्ट्रोक नको. एक कॉर्नर देऊन टाका. तुमचं बी राहील, आमचं बी राहील."

तो थांबला. मला वाटलं, वळला. तो मागे फिरून तंबूकडे बघून मोठ्याने म्हणाला, "ऐकलंत ना? स्वतःच कबूल करतेय. शिक्षा कमी करा म्हणतेय." आणि गुण लिहिणाऱ्या माणसाला म्हणाला, "लिहून घ्या."

गुरव सर लांबून ओरडत होते, "अगं, तू बोलू नको, बोलू नको." बोलून झालं होतं.

"आणि ते काढ आधी," पंच म्हणाला. "हे पॅड नियमात बसत नाहीत."

"मग मघा चालंल कशाला म्हणाला?"

"काढ."

मी खाली बसून नाड्या सोडल्या. गाठ सुटेना. दोन्ही पॅड गोलच्या खांबाला टेकवून ठेवले आणि उघड्या पायांनी उभी राहिले. स्ट्रोक मारायला तीच उंच मुलगी आली. ती माझ्या पायांकडे बघून जरा घुटमळली. तिच्याबद्दल मला राग नाही. शिट्टी झाली, तिने चेंडू माझ्या डाव्या अंगाला खालून ढकलला आणि मी पाय टाकला. चेंडू नडगीवर बसला. हाडावर हाड आपटावं तसा आवाज झाला. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला.

मी अडवला होता. उघड्या पायाने.

आमच्या पोरी धावत आल्या. ज्या हसल्या होत्या त्या पण आल्या. आणि त्याने पुन्हा शिट्टी फुंकली. म्हणाला, "मारायच्या आधी गोलीचा पाय हलला." तसं झालं तर नियमाने गोल धरतात, म्हणून त्याने मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल.

दुसरा पंच, तो तरुण, मैदानाच्या पलीकडून बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने बुटाची नाडी बांधायला खाली मान घातली.

दोन-एक. संपलं. नडगीवर तेव्हा आलेलं टेंगूळ पुढे हाडासारखं कडक झालं. अजून आहे. दुकानात बसून कधी विचारात पडले की माझा हात तिथेच जातो.

गुरव सरांनी लेखी हरकत घेतली. सर भित्रे होते, हेडमास्तरांपुढे त्यांची जीभ अडखळायची, पण त्या दिवशी तंबूत उभं राहून त्यांनी अर्ज लिहिला. दोन मुद्दे. पंच यजमान शाळेचा आहे. आणि पॅड सामन्याआधी पास केले होते, मग चेंडू अडकला तो मुद्दाम कसा? अर्ज दिल्यावर अर्ध्या तासात आम्हाला दोघांना शाळेच्या ऑफिसात बोलावलं. मी पॅड हातात घेऊन गेले. बाहेर ठेवायची छाती झाली नाही, कुणी फेकून देईल म्हणून.

आत हॉकी मंडळाचे चिटणीस होते, धोतर-कोटातले, गोड बोलणारे. पंच खिडकीपाशी टोपीने वारा घेत बसला होता. सरांना चहा आला. मला नाही आला.

चिटणीस म्हणाले, "मुलगी गुणाची आहे, गुरव. आम्ही आंधळे नाही. हरकतीचं वाढवू नका. नवा जिल्हा तुमचा, पहिल्याच वर्षी तंटा कशाला? हिला आम्ही विभागाच्या संघात घेतो. राखीव गोली म्हणून. वसतिगृहात जागा पक्की."

वसतिगृह.

"फक्त अर्ज मागे घ्या. आणि हिने दोन ओळी लिहून द्यायच्या." त्यांनी कागद पुढे सरकवला. मजकूर आधीच लिहिलेला होता. मी वाचला. 'अंतिम सामन्यात मी चेंडू हेतुपुरस्सर पॅडमध्ये अडकवून ठेवला. पंचांचा निर्णय योग्य होता. मी दिलगीर आहे.' हेतुपुरस्सर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. सरांना हळू विचारलं. सर म्हणाले, "मुद्दाम. ठरवून."

मग सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "घे पोरी. सौदा वाईट न्हाई. सहीचं काय, दोन दिसांनी कुनाला आठवत बी न्हाई. तुझी जिंदगी बनून जाईल."

मी तुमच्यापासून लपवत नाही. मी सही करणार होते. भूक, पाणी, पाटी, लग्न, सगळं माझ्यापुढे उभं होतं आणि समोर पेन होतं. पण खोड जात नाही. मी म्हटलं, "राखीव नको. पहिली गोली करा."

मला वाटलं होतं चिटणीस हसतील, डोळे वटारतील, मग घासाघीस होईल. चिटणीस लगेच म्हणाले, "ठीक आहे. पहिली."

लगेच. श्वास घेतला नाही.

मी सात-आठ वर्षं दारोदार उभी राहिले होते. पहिल्या बोलाला हो म्हणणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. पहिल्या बोलाला हो म्हणतो तो माणूस तुम्हाला काही देत नसतो. त्याला कळलेलं असतं की तुमच्या हातात जे आहे ते फार मोलाचं आहे आणि तुम्हाला ते माहीत नाही. मी त्या कागदाकडे पुन्हा बघितलं. माझी सही. बोहारणीच्या पोरीची वाकडी सही. ती नसेल तर ह्यांचा पंच खोटा पडतो. ती असेल तर मी.

मी विचारलं, "मला पहिली गोली घेताय म्हंजी मी चांगली गोली हाय न्हवं? मग लबाडी केली असं कशाला लिहायचं?"

चिटणिसांनी कागद आणखी पुढे सरकवला. पंच खिडकीपाशी बसूनच म्हणाला, "तुमच्या लोकांचं भाव करणं संपत नाही कधी. चोर ते चोर, वर घासाघीस."

आणि तिथे मला मायची पाटी दिसली. मी ठरवलं नाही. माझ्या हातांनी ठरवलं. मी दोन्ही पॅड उचलले, एकावर एक रचले, डोक्यावर ठेवले आणि वळले. उसवलेल्या पॅडमधून जांभळी पट्टी माझ्या तोंडापुढे लोंबत होती. दारातून बाहेर पडले. व्हरांड्यात त्यांच्या शाळेच्या मुली बक्षिसाची वाट बघत रांगेत बसल्या होत्या. त्यांच्यामधून गेले. ह्या वेळी कुणी हसलं नाही. मागून चिटणिसांचा आवाज आला, "अगं थांब, दिलगीर आहे ही ओळ काढून टाकू." मग थोड्या वेळाने, "बरं, हेतुपुरस्सर काढू. नुसतं अडकवला लिही." मी चालत राहिले. नुसतं अडकवला. अजून भाव चालू होता त्यांचा.

बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं ते असं. मैदानावर मी जे केलं होतं तेच आता ते करत होते. मी कॉर्नर मागितला तेव्हा मी माझ्याच खरेपणाचा भाव कमी केला होता. अर्धा गुन्हा मीच कबूल केला होता, अर्धी शिक्षा पदरात पडावी म्हणून. आमच्या लोकांना लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं. पूर्ण कधी मिळत नाही, म्हणून अर्धं मागायचं. पाऊण घागर मिळाली तर नशीब. आणि ज्यांच्याकडे टाकी आहे ते म्हणतात, बघा, ह्यांना भाव करायची सवयच.

हरकत फेटाळली. विभागाच्या संघात आमच्यातल्या दोघी घेतल्या. हसलेल्याच. गुरव सर परतीच्या एसटीत पुढे जाऊन बसले. लातूर आल्यावर उतरताना एवढंच म्हणाले, "त्यांनी कागदावर लिहून ठेवलंय. गोलीने हेतुपुरस्सर चेंडू अडकवला व तोंडी कबूल केले. तुझी सही नसली तरी लिहिलंय."

मायला सांगितलं. मला वाटलं होतं ती पाठीवरून हात फिरवेल. तिची रीत होती ना ती, पाटी उचलायची. ती म्हणाली, "सही करायची व्हतीस."

"माय, तूच तर..."

"मी उचलली ती तुला उचलाय लागू नये म्हनून. वसतिगृह व्हतं. पानी व्हतं." आणि पाटी घेऊन बाहेर पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "काय लिवलं व्हतं त्या कागदावर?" मी सांगितलं. पंच काय म्हणाला तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दाभण काढलं, पॅडची उसवलेली शिवण पुन्हा घातली, पक्की, दुहेरी. मग लहान पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाली, "चल." दहावीच्या परीक्षेला मी बसले, पण ती पाटी मग बारा वर्षं डोक्यावर होती. त्या पाटीचं दुकान मी केलं. कुणी दिलं नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, मागच्या महिन्यात मंडळाची दोन माणसं दुकानात आली. हॉकीचं मंडळ तेच. मुलींच्या स्पर्धा भरवतायत, मला पाहुणी म्हणून बोलवायचंय, 'ह्याच मातीतली खेळाडू'. बक्षिसाची भांडी माझ्याकडून गेली तर बरं, हेही ओघात आलं. आणि शाल कुणाच्या हस्ते, तर त्या पंचाच्या. तो अजून आहे, म्हातारा झालाय, मंडळाचा मार्गदर्शक म्हणवतो.

मी म्हटलं, येते. आधी जुना अहवाल काढा. त्यात माझ्याबद्दल एक ओळ आहे, ती खोडा. तिथे लिहा, चेंडू आपोआप अडकला, स्ट्रोक चुकीचा होता, आणि दिलेला स्ट्रोक गोलीने अडवला होता. त्याखाली पंचाची सही.

एकजण म्हणाला, "ताई, इतकं जुनं कशाला उकरून राहिलात? पंच सर थकलेत आता. आम्ही भाषणात म्हणतो ना, त्या वेळी काही गैरसमज झाला होता म्हणून."

"गैरसमज झाला न्हवता."

"बरं, मग चूक झाली असावी, असं म्हणू."

"असावी?"

"ताई, थोडं तुम्ही, थोडं आम्ही."

मी काउंटरवरचा तांब्या उचलून फळीवर ठेवला आणि त्यांना दार दाखवलं. दुकानातली पोरं म्हणतात त्या दिवशी मी फार ओरडले. ओरडले असेन.

भांड्याचा भाव माझ्याशी कधीही करा. सकाळी करा, सणाला करा, मी बसलेय. ह्या एका गोष्टीचा नाही. स्पर्धेला मी जाणार आहे. तंबूत नाही, खुर्चीवर नाही. गोलच्या मागे, खांबापाशी. पॅड बरोबर असतील, मायची दुहेरी शिवण अजून उसवलेली नाही, आणि नियमांचं छापील पुस्तक. शाल घेऊन कुणी आलं तर त्याने आधी ती ओळ खोडलेला कागद दाखवावा. नाही दाखवला तर पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहीन, आणि तो म्हातारा गेला तर त्याच्या खुर्चीवर बसणाऱ्यासमोर. आणि तिथे जी कुणी मुलगी गोलात उभी असेल, कुठल्याही गावची, तिला मी सामन्याआधी एवढंच सांगणार आहे. खोटी शिट्टी वाजली तर हात जोडू नको. कमी मागू नको. पूर्ण माग.